अवघड क्रोशे-नमुना कसा वाचावा आणि त्यावर कितपत विसंबावे

क्रोशाचा अवघड नमुना विणायला घेतला की सहाव्या-सातव्या फेरीला एक क्षण बहुतेक सगळ्यांच्या वाट्याला येतो. काम ताटासारखे सपाट पडायला हवे असते, पण ते वाटीसारखे वर उचलले जाते किंवा कडेला चुण्या पडतात; कागदावरची ओळ तीनदा वाचूनही हातातल्या कामाशी तिचा मेळ बसत नाही. चूक माझी आहे, की छापणाऱ्याची, की चूक मुळी कोणाचीच नाही आणि फक्त पुढे विणत राहायला हवे? या तीन शक्यतांमधली खरी कोणती, हे ओळखता आले की नमुना वाचता आला असे मी मानते. टाके उत्तम येणे ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. अतिशय सफाईदार हात असलेल्या अनेक बायका छापील नमुना समोर आला की मागे सरतात, कारण त्यांनी सारे काम आई-मावशीच्या हाताकडे बघून किंवा तयार रुमाल पालथा करून, टाके मोजून उचललेले असते. ती विद्या मोलाची आहे आणि नमुना वाचतानाही तीच उपयोगी पडते. फक्त तिला कागदावरच्या आकड्यांची जोड द्यावी लागते. नमुन्यावर विसंबावे ते त्याचे आकडे जुळतात म्हणून. जिथे ते जुळत नाहीत, तिथे तो कितीही नामांकित ठिकाणी छापलेला असला तरी थांबावे.

सुई उचलण्याआधी

हाती पेन्सिल घेऊन नमुना पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत एकदा वाचून काढावा. सगळे समजले पाहिजे असा आग्रह या वाचनात धरू नये. दुसऱ्या भागातले वाक्य सहावी फेरी विणून झाल्याशिवाय समजतच नाही, असे पुष्कळदा होते. आपल्याला शोधायच्या आहेत त्या चार-पाच गोष्टी : नमुना कोणत्या परिभाषेत लिहिला आहे, सुई आणि दोरा कोणता, मापाचा तुकडा (आपला हात नमुन्याशी जुळतो का हे पाहायला आधी विणायचा लहान चौकोन) किती टाक्यांचा, वळणाच्या साखळ्या (ओळीच्या सुरुवातीला उंची गाठण्यासाठी घालायच्या) टाका म्हणून धरायच्या की नाही, आणि प्रत्येक ओळीअखेर टाक्यांची संख्या दिली आहे का.

यात परिभाषेचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण तिथली चूक शेवटपर्यंत लक्षात येत नाही. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये टाक्यांची नावे तीच वापरतात, पण एक पायरी सरकवून. अमेरिकन नमुन्यातला ‘सिंगल क्रोशे’ म्हणजे ब्रिटिश नमुन्यातला ‘डबल क्रोशे’. आमच्या घरात त्याला मुका खांब म्हणतात. अमेरिकन ‘हाफ डबल’ म्हणजे ब्रिटिश ‘हाफ ट्रेबल’, आपला अर्धा खांब. अमेरिकन ‘डबल’ म्हणजे ब्रिटिश ‘ट्रेबल’, म्हणजे सुईवर एक वेढा घेऊन घातलेला आपला नेहमीचा खांब. अमेरिकन ‘ट्रेबल’ म्हणजे ब्रिटिश ‘डबल ट्रेबल’, दोन वेढ्यांचा लांब खांब. साखळी आणि स्लिप स्टिच (जोडणीचा सपाट टाका) मात्र दोन्हीकडे सारखेच. मराठीतही ही नावे घरोघर थोडी बदलतात, म्हणून मी नमुन्याच्या समासात नाव न लिहिता वेढ्यांची संख्या लिहिते : शून्य वेढे, एक वेढा, दोन वेढे. त्यात गोंधळाला जागा उरत नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी बाळाच्या शालीचा एक नमुना मी सबंध विणून काढला. त्यात सर्वत्र ‘ट्रेबल’ लिहिले होते. मी तो अमेरिकन समजून दोन वेढ्यांचा लांब खांब घालत गेले. प्रत्येक ओळीची मोजणी जुळत होती, नक्षीही उमटत होती. संशय यायला कारणच नव्हते. लोकरीचे चार गुंडे पुरायला हवे होते, तिथे पाचवा संपत आला आणि चौरस व्हायची ती शाल लांबुळकी झाली, तेव्हा ती कागदावर ठेवून मी प्रथमच मापाचा मजकूर वाचला. दहा सेंटिमीटरमध्ये किती ओळी बसाव्यात हे तिथे स्पष्ट दिले होते. टाक्यांची मोजणी ही चूक कधीच पकडत नाही. ती ओळींच्या उंचीवरूनच कळते.

परिभाषा नमुन्यात लिहिलेली नसेल तर खुणा शोधाव्यात. आजच्या नमुन्यात ‘सिंगल क्रोशे’ किंवा त्याचे लघुरूप ‘एससी’ आले तर तो अमेरिकन आहे, कारण आजच्या ब्रिटिश परिभाषेत त्या नावाचा टाका नाही. (फार जुन्या ब्रिटिश पुस्तकांत मात्र ‘सिंगल क्रोशे’ हे स्लिप स्टिचचे नाव होते, हे आजीच्या ट्रंकेतला नमुना उघडताना लक्षात ठेवावे.) टाका सोडायला ‘मिस’ म्हटले असेल तर ब्रिटिश, ‘स्किप’ म्हटले असेल तर बहुधा अमेरिकन. मापाला ‘टेन्शन’ म्हणणारा ब्रिटिश, ‘गेज’ म्हणणारा अमेरिकन. सर्वांत भरवशाची खूण वळणाच्या साखळ्यांची आहे. टाक्याची उंची आणि साखळ्यांची संख्या यांचे नाते ठरलेले असते : मुक्या खांबाला १, अर्ध्या खांबाला २, खांबाला ३ आणि लांब खांबाला ४. ‘३ साखळ्या, हा पहिला ट्रेबल धरावा’ असे वाक्य दिसले की तो ट्रेबल एका वेढ्याचा, म्हणजे नमुना ब्रिटिश. त्याच जागी ४ साखळ्या असतील तर अमेरिकन.

सुईचे माप फक्त मिलिमीटरमध्ये धरावे. अक्षरे आणि क्रमांक देशागणिक बदलतात, आणि बारीक पोलादी सुयांमध्ये तर क्रमांक जितका मोठा तितकी सुई बारीक. सुती दोऱ्याचेही तसेच : १० नंबरचा दोरा २० नंबरपेक्षा जाड, आणि २० नंबरचा ४० नंबरपेक्षा.

फुल्या आणि कंस

छापील नमुना अवघड वाटतो तो टाक्यांमुळे क्वचितच. बहुतेक वेळा तो त्याच्या लेखनपद्धतीमुळे अवघड वाटतो. एकच ओळ जवळून पाहू. इंग्रजी नमुन्यातली ओळ आपल्या भाषेत उतरवली तर अशी होईल :

‘३ साखळ्या (१ खांब धरावा), पुढच्या २ टाक्यांत एकेक खांब, * २ साखळ्या, २ टाके सोडावेत, पुढच्या ४ टाक्यांत एकेक खांब, फुलीपासून आणखी ७ वेळा, शेवटी २ साखळ्या, २ टाके सोडावेत, उरलेल्या ३ टाक्यांत एकेक खांब.’

या ओळीचे तीन तुकडे होतात, आणि ते पेन्सिलीने उभ्या रेघा मारून वेगळे करावेत. सुरुवातीचा तुकडा ३ टाके वापरतो : वळणाच्या साखळ्यांचा एक आणि पुढचे दोन. मधला तुकडा प्रत्येक वेळी ६ टाके वापरतो, दोन सोडलेले आणि चार विणलेले. शेवटचा तुकडा ५ टाके वापरतो. ‘आणखी ७ वेळा’ याचा अर्थ फुलीनंतरचा भाग एकदा विणून झाल्यावर पुन्हा सात वेळा, म्हणजे एकूण आठ वेळा. ३ अधिक ४८ अधिक ५, एकूण ५६ टाके. नमुन्याच्या डोक्यावर ‘६ च्या पटीत टाके, अधिक २’ असे लिहिलेले असेल तर ५४ अधिक २ असे तेही जुळते. मूळ साखळी किती घालायची हेही इथेच कळते : पहिली ओळ खांबांची आणि पहिला खांब सुईपासून चौथ्या साखळीत असेल तर सोडलेल्या तीन साखळ्यांचा एक खांब होतो, म्हणून ५६ टाक्यांसाठी ५८ साखळ्या. एवढे गणित सुई हातात न घेता दोन मिनिटांत होते, आणि ते एकदा जुळले की ती ओळ विणताना मनात शंका राहत नाही.

‘आणखी’ हा शब्द नजरेतून निसटला तर काय होते, तेही पाहून ठेवावे. मधला भाग एकूण सातच वेळा विणला जातो, आणि शेवटच्या तुकड्याला लागणारे ५ टाके सोडून आणखी ६ टाके उरतात. ६ हा आकडा मधल्या तुकड्याचाच आहे. उरलेले किंवा कमी पडलेले टाके नेमके एका आवर्तनाएवढे, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या भागाएवढे, असतील तर आवर्तन चुकले आहे, टाका चुकलेला नाही.

कंस दोन प्रकारचे असतात आणि त्यांची कामे वेगळी. एक कंस पुन्हा पुन्हा करायचा भाग दाखवतो आणि त्याच्यामागे ‘३ वेळा’ असे लिहिलेले असते. दुसरा कंस एकाच टाक्यात किंवा एकाच पोकळीत घालायचा गठ्ठा दाखवतो, जसे ‘(२ खांब, २ साखळ्या, २ खांब) पुढच्या पोकळीत’. पहिला कंस आडवा पसरतो, दुसरा एका जागी उमलतो. या दोहोंत गल्लत होऊ नये म्हणून मी दुसऱ्या प्रकारच्या कंसाभोवती गोल काढते. तसेच ‘त्याच टाक्यात’, ‘पुढच्या टाक्यात’ आणि ‘प्रत्येक टाक्यात’ हे तीन शब्दप्रयोग अधोरेखित करावेत.

सपाट ओळींच्या कामात कडा आत-बाहेर होत असतील तर कारण जवळजवळ नेहमी वळणावर असते. दर ओळीला एक टाका कमी होत असेल तर मागच्या ओळीच्या तीन साखळ्यांच्या माथ्यावर शेवटचा खांब घालायचा राहून जातो आहे. दर ओळीला एक वाढत असेल तर वळणाच्या साखळ्या पहिला खांब म्हणून धरल्यावरही त्यांच्या बुडाशी असलेल्या टाक्यात पुन्हा खांब घातला जातो आहे. मुक्या खांबाची वळणाची एक साखळी बहुतेक नमुन्यांत टाका म्हणून धरत नाहीत, आणि तिथे हेच नियम उलटे होतात. म्हणूनच नमुना काय धरायला सांगतो ते आधी शोधायचे.

आकृती असेल तर

लिखित मजकूर आणि आकृती दोन्ही असतील तर मी आकृतीवर अधिक भरवसा ठेवते, कारण वाक्यातली चूक डोळ्याला दिसत नाही, आणि आकृतीत एखादा खांब गळला तर नक्षी तिथे लंगडी पडते. जपानमध्ये या खुणा औद्योगिक मानकात ठरवून दिलेल्या आहेत, त्यामुळे तिथल्या पुस्तकातले एक अक्षरही वाचता न येणाऱ्या माणसाला त्यातला रुमाल विणता येतो. लहान लंबगोल म्हणजे साखळी, भरीव ठिपका म्हणजे स्लिप स्टिच, फुली किंवा अधिकचे चिन्ह म्हणजे मुका खांब, इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी खूण म्हणजे अर्धा खांब; त्याच ‘टी’च्या दांड्यावर एक तिरकी रेघ असली तर खांब आणि दोन असल्या तर लांब खांब. दांड्यावरच्या रेघा म्हणजे वेढेच, आणि परिभाषेचा सगळा वाद इथे मिटतो.

एक बारकावा मात्र पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. जपानी आकृतीत खांबांच्या गठ्ठ्याची बुडे एका बिंदूत मिळालेली असतील तर ते सगळे खांब एकाच टाक्यात सुई घालून विणायचे. बुडे सुटी असतील तर टाक्यात सुई न घालता खालच्या साखळीच्या पोकळीतून, साखळीला कवेत घेऊन विणायचे. उजव्या हाताने विणणाऱ्यांनी गोल आकृती मध्यापासून घड्याळाच्या उलट दिशेने वाचावी. ओळींची आकृती सुलट बाजूला उजवीकडून डावीकडे आणि उलट बाजूला डावीकडून उजवीकडे. आकृतीवर पारदर्शक कागद ठेवून झालेली फेरी रंगीत पेन्सिलीने गिरवत जावी.

अननसाचा रुमाल

आपल्याकडे अनेक घरांत टीव्हीवर, ताटावर किंवा देवघरात अननसाच्या नक्षीचा एखादा रुमाल असतोच. विश्वास कुठे ठेवावा आणि कुठे थांबून मोजावे हे शिकायला माझ्या मते यासारखा नमुना नाही, कारण विणताना तो निदान तीन ठिकाणी चुकल्यासारखा दिसतो आणि त्या तिन्ही ठिकाणी तो अगदी बरोबर असतो.

गोल कामाचा मूळ नियम आधी सांगते. खांबांचे वर्तुळ सपाट राहायचे तर पहिल्या फेरीत साधारण १२ खांब आणि पुढे दर फेरीला १२ खांबांची वाढ लागते : १२, २४, ३६, ४८, ६०. मुक्या खांबांत तीच वाढ सुमारे ६ ची. वाढ कमी पडली की काम वाटीसारखे वळते, जास्त झाली की कडेला चुण्या पडतात. कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डायना ताइमिना यांनी १९९७ मध्ये याच चुण्यांचा उपयोग करून अतिपरवलयी (हायपरबोलिक) भूमितीचे, म्हणजे कडेकडे सतत फुलत जाणारे, प्रतल क्रोशाने विणून दाखवले. ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवत राहणे एवढीच त्यामागची कृती होती. चुणी म्हणजे वाढीचे प्रमाण सांगणारी खूण आहे, एवढे मनात धरून अननसाकडे यावे.

समजा, प्रत्येक अननसाच्या बुडाशी एका पोकळीत ९ लांब खांब आहेत. पुढच्या फेरीत त्या प्रत्येकावर एक खांब आणि दोन खांबांच्या मध्ये एक साखळी, म्हणजे ९ खांब आणि ८ पोकळ्या. त्यापुढच्या फेरीत प्रत्येक पोकळीत एक मुका खांब आणि दोन मुक्या खांबांच्या मध्ये ३ साखळ्यांची कमान : ८ मुके खांब, ७ कमानी. तिथून पुढे दर फेरीला प्रत्येक कमानीत मुका खांब आणि मध्ये नवी कमान, म्हणून ६, ५, ४, ३, २ आणि शेवटी १. नऊ खांबांवरून एका कमानीपर्यंतचा हा उतार नमुन्यात सात-आठ परिच्छेद व्यापतो, पण त्याचे गणित एका ओळीत मावते. ते वहीत लिहून ठेवले की काम चार महिने पिशवीत पडून राहिले तरी हरवत नाही. वरच्या फेरीत चार कमानी दिसल्या की पुढची फेरी तीन कमानींची, एवढे कामच सांगते.

जिथे ९ लांब खांब एका पोकळीत बसतात, त्या फेरीला घेर एकदम वाढतो आणि रुमाल लाटांसारखा उठतो. ही पहिली भीती. इथे उसवू नये. पुढे अननस निमुळता होत जातो आणि ही वाढ मुरत जाते. तीन-चार फेऱ्यांत चुण्या कमी होताना दिसल्या पाहिजेत. त्या कमी होण्याऐवजी वाढत गेल्या, तर मात्र थांबून कमानी मोजाव्यात.

कमानी कमी न होण्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. अननसाच्या दोन्ही अंगांना शिंपले असतात, म्हणजे (२ खांब, २ साखळ्या, २ खांब) असे गठ्ठे, आणि शिंपला व अननस यांच्यामध्ये दोन-तीन साखळ्यांचा एक मोकळा पूल असतो. तो दिसतो अगदी कमानीसारखा. नवख्या हाताकडून त्यातही मुका खांब घातला जातो. सात कमानींवर विणताना एका बाजूच्या पुलात चुकून मुका खांब गेला की ८ मुके खांब होऊन कमानी सातच राहतात. दोन्ही बाजूंच्या पुलांत गेला की ९ मुके खांब आणि कमानी आठ. अननस वर निमुळता होण्याऐवजी सरळ चढत किंवा रुंदावत असेल तर पुलाकडे पाहावे. पहिली कमान ओळखायची खूण अशी की तिची दोन्ही टोके मुक्या खांबात रोवलेली असतात. पुलाचे एक टोक शिंपल्याच्या खांबात असते. सातांच्या फेरीत शंका आली तर खालच्या खांबांमधल्या पोकळ्या मोजाव्यात. त्या आठच असतात. मी अजूनही पहिल्या कमानीत रंगीत दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवते.

दुसरी भीती शिंपल्यांची. अननस अर्ध्यावर आला की दोन अननसांमधला शिंपला अचानक (२ खांब, २ साखळ्या, २ खांब, २ साखळ्या, २ खांब) असा विणायला सांगतात आणि पुढच्या फेरीत त्याचे दोन शिंपले होतात. एकाचे दोन झालेले पाहून हात अडखळतो, पण ते योग्यच आहे. त्या दोन शिंपल्यांच्या मध्ये पुढच्या अननसाची जागा तयार होत असते.

तिसरी भीती शेवटच्या टप्प्यातली. अनेक नमुन्यांत कमानी कमी राहिल्या की गोल फेरी थांबते आणि प्रत्येक अननसाचे टोक वेगवेगळे, मागे-पुढे ओळी घालत विणायचे असते. एक टोक झाले की दोरा कापून पुढच्याला जोडायचा. ‘वळावे’ हा शब्द इतका वेळ आलेला नसतो आणि इथे एकदम येतो. तो छपाईचा दोष समजून गोलच विणत गेले तर टोके सुटी होत नाहीत, आणि रुमालाची कड आवळली जाते. इथे शब्दावर विश्वास ठेवून वळावे.

आकडे जुळत नाहीत तेव्हा

तफावत किती आहे, हा पहिला प्रश्न. समजा रुमालात ८ आवर्तने आहेत. मोजणीत १ टाका कमी आला तर तो हाताने कुठेतरी गळला आहे, तो शोधावा. मोजणीत नेमके ८ टाके कमी किंवा जास्त आले तर प्रत्येक आवर्तनात एकेक टाका चुकतो आहे, म्हणजे हात बरोबर चालला आहे आणि वाचन चुकले आहे. वाक्याकडे परत जावे. आणि आवर्तन ७ टाक्यांचे असून फेरीअखेर ५४ टाके छापलेले असतील तर हातातले काम तपासण्यात वेळ घालवू नये, कारण ५४ ला ८ ने भाग जात नाही. ५६ च्या जागी चुकीचा आकडा पडला आहे. मग पुढच्या फेरीची सुरुवात वाचावी. ती ५६ टाक्यांवर बसत असेल तर आकडा दुरुस्त करून निर्धास्तपणे पुढे जावे.

एवढ्याने उलगडले नाही तर छायाचित्र मोठे करून एका आवर्तनातले खांब मोजावेत, आकृती असेल तर ती मजकुराशी ताडून पाहावी, आणि नमुना लिहिणाऱ्यांनी शुद्धिपत्र काढले आहे का ते शोधावे; चांगले नमुनाकार ते काढतात आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. तरीही अडले तर मूळ काम बाजूला ठेवून उरल्यासुरल्या जाड दोऱ्याने फक्त अडलेली दोन आवर्तने वेगळी विणून पाहावीत. वाक्याचे दोन अर्थ संभवत असतील तर दोन्ही विणावेत. अर्ध्या तासाचे हे काम आठवड्याचे उसवणे वाचवते.

उसवावे लागलेच तर मोजणी शेवटची जुळली होती त्या फेरीपर्यंत उसवावे. चूक जिथे दिसते तिथपर्यंतच नव्हे, कारण ती बहुधा त्याच्या आधीच्या फेरीत असते. त्यासाठी प्रत्येक जुळलेल्या फेरीसमोर वहीत खूण करावी. फेरीच्या सुरुवातीला सेफ्टी पिन लावावी आणि काम ठेवताना सुईवरच्या फंद्यातही एक लावावी, म्हणजे पिशवीत ओढ लागून काम उसवत नाही.

अंगातल्या कपड्यांच्या नमुन्यात दोन गोष्टी अधिकच्या. ‘८१ (८६, ९१, ९६)’ असे आकडे दिसले की आपल्या मापाच्या आकड्याभोवती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत गोल काढावा, आणि ‘त्याच वेळी’ हे शब्द आधीच शोधून ठेवावेत. बगलेची घट सांगून झाल्यावर खाली दोन ओळींनी ‘त्याच वेळी गळ्याची घट सुरू करावी’ असे येते, आणि तोवर आपण दहा ओळी पुढे गेलेलो असतो. ‘उजवा भाग’ म्हणजे कपडा घालणाऱ्याच्या अंगावर उजवीकडे येणारा. मापाचा तुकडा इथे टाळू नये : दहा सेंटिमीटरमध्ये १८ खांब हवेत आणि आपल्या हाताने २० बसत असतील तर ९० सेंटिमीटर घेरासाठी घातलेले १६२ टाके ८१ सेंटिमीटरच भरतात. टाके जास्त बसले तर सुई अर्ध्या मिलिमीटरने जाड घ्यावी, कमी बसले तर बारीक, आणि तुकडा धुऊन, वाळवून मगच मोजावा.

पाणी, टाचण्या आणि खळ

जाळीदार सुती काम सुईवरून उतरते तेव्हा आखडलेले आणि काहीसे मळलेले असते. त्या अवस्थेत नमुन्याच्या छायाचित्राशी त्याची तुलना करू नये. छायाचित्रातला रुमाल धुऊन, ताणून, वाळवून मग टिपलेला असतो. कोमट पाण्यात सौम्य साबण घालून रुमाल अर्धा तास भिजवावा, न पिळता टॉवेलात गुंडाळून दाबावा. उशी किंवा जाड गादीवर पांढरे कापड अंथरून त्यावर कंपासने वर्तुळे आणि अननसांच्या संख्येइतक्या त्रिज्या पेन्सिलीने आखाव्यात. न गंजणाऱ्या टाचण्या घ्याव्यात; साध्या टाचणीचा तांबडा डाग सुती दोऱ्यातून निघत नाही. आधी मधले वर्तुळ, मग समोरासमोरची टोके अशा क्रमाने टोचत बाहेर यावे. ताठपणा हवा असेल तर टाचण्या लावण्याआधी साबुदाण्याची पातळ खळ द्यावी. ॲक्रिलिक लोकरीला मात्र इस्त्री टेकवू नये. तो धागा उष्णतेने मरगळतो आणि पुन्हा उभारी धरत नाही.

टाचण्या लावताना शेवटची तपासणी आपोआप होते. सगळे अननस सारख्या त्रिज्येपर्यंत पोहोचतात आणि एखादेच टोक बोटभर आखूड राहते, तेव्हा त्याच्या कमानी वरून खाली मोजाव्यात. एक, दोन, मग एकदम चार असे कुठेतरी सापडते. टोके सुटी विणलेली असतात, म्हणून चूक टोकात असेल तर तेवढेच टोक उसवून, दोरा नव्याने जोडून, बाकीच्या रुमालाला हात न लावता ते दुरुस्त करता येते. मग ते पुन्हा ओले करून टोचावे आणि रुमाल पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे पावसाळ्यात चांगले दोन दिवस, टाचण्या काढू नयेत.